उरलेले अन्न आणि उतारवयाचे पोट

दुपारची जेवणे आटोपली की पातेल्याच्या तळाशी मूठभर भात उरतो. तो टाकवत नाही. झाकण ठेवून तो ओट्यावरच राहतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरातील ज्येष्ठ स्त्री "मला चालेल" असे म्हणून आपल्या ताटात वाढून घेते. मुलानातवंडांना ताजे आणि स्वतःला शिळे, ही वाटणी अनेक घरांत इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. अन्न वाया जाऊ न देण्याची ही वृत्ती आदरणीय खरीच. परंतु तिची किंमत घरातील सर्वांत नाजूक पोटाला मोजावी लागते.

या वृत्तीमागे अनुभव आहे. आज सत्तरी ओलांडलेल्या पिढीने रेशनच्या रांगा पाहिल्या आहेत. १९७२च्या दुष्काळात आलेली तांबडी मिलो ज्वारी आणि दुष्काळी कामांवर मिळणारी सुकडी ज्यांच्या स्मरणात आहे, त्यांना भाताचे शीतही टाकताना अपराधी वाटणे स्वाभाविक आहे. आणि नासाडीचा प्रश्न आजही तितकाच गंभीर आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील ६० टक्के घराघरांतून गेले. भारतातील घरगुती नासाडीचा अंदाज दरडोई वर्षाला सुमारे ५५ किलो आहे. त्यात साली-बियांसारखा न खाण्याजोगा भागही धरलेला आहे. तेव्हा बचत हवीच. प्रश्न एवढाच, की ती कोठे करावी: शिजवण्यापूर्वी, की शिळे पोटात ढकलून?

शिळे अन्न वयाला का सोसत नाही

अन्नाबरोबर पोटात जाणाऱ्या अनेक जंतूंचा नाश जठरातील आम्ल करते. उतारवयात काहींमध्ये हे आम्ल कमी होते; आम्लपित्तासाठी दीर्घकाळ गोळ्या घेणाऱ्यांमध्येही ते कमी असते. रोगप्रतिकारशक्ती मंदावलेली असते. त्यातच तहानेची जाणीव बोथट होते. त्यामुळे तरुण माणूस ज्या जुलाबांतून दोन दिवसांत सावरतो, त्याच जुलाबांनी वृद्ध व्यक्तीच्या अंगातील पाणी झपाट्याने कमी होऊ शकते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर हा धोका आणखी वाढतो.

"वास घेऊन पाहिला, चांगला आहे" हा आपला जुना निकषही येथे अपुरा पडतो. एक तर वयाबरोबर घ्राणशक्ती क्षीण होते. दुसरे असे, की आजार घडवणारे कित्येक जंतू अन्नाचा वास, रंग वा चव मुळीच बदलत नाहीत.

भाताची गोष्ट तर मुद्दाम समजून घेण्यासारखी आहे. तांदळात 'बॅसिलस सिरियस' नावाच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. ते शिजवण्याच्या उष्णतेतही टिकतात. भात तासन् तास ओट्यावर राहिला, की ते रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. त्यांतील उलटी घडवणारे विष पुन्हा तापवूनही नष्ट होत नाही. म्हणून रात्रभर बाहेर राहिलेल्या भाताला सकाळी कितीही खमंग फोडणी दिली, तरी तो सुरक्षित होत नाही. भाकरी-पोळीत पाणी कमी असल्याने ती तुलनेने टिकते. भात, वरण, उसळ, दुधाचे पदार्थ आणि ओल्या नारळाचे वाटण घातलेले पदार्थ मात्र लवकर बिघडतात.

उरूच नये म्हणून

खरी बचत चूल पेटवण्यापूर्वी होते. मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी दूर गेली, घरात दोघेच उरले, तरी हाताला पाच-सहा जणांच्या स्वयंपाकाची सवय असते. ती मोडण्याचा सोपा उपाय म्हणजे माप बदलणे. तांदळाच्या डब्यातील मोठी वाटी काढून लहान वाटी ठेवावी. तांदूळ शिजल्यावर सुमारे तिप्पट होतो, हे ध्यानात ठेवले म्हणजे दोघांच्या एका वेळेच्या जेवणाला अर्धी-पाऊण वाटी बहुधा पुरते. मोठा कुकर आणि मोठी पातेली माळ्यावर जाऊ द्यावीत; भांडे मोठे असले की हात आपोआप सैल सुटतो.

आठवडाभर काय उरले, याची नोंद दिनदर्शिकेवर करून पाहावी. रोज भात उरतो की पोळ्या, भाजी सुकते की दूध नासते, हे एकदा कळले म्हणजे उपाय वेगळा शोधावा लागत नाही. भाजी दोन-तीन दिवसांपुरतीच आणावी. मंडईपर्यंतची फेरी हा चालण्याचा व्यायामही आहे. पालेभाजी निवडून, कोरडी करून कापडात गुंडाळल्यास अधिक टिकते.

आपल्या परंपरेत टाकाऊ समजल्या जाणाऱ्या भागांनाही मान होता. दोडक्याच्या शिरांची चटणी, दुधीच्या सालींची तिळकूट घातलेली चटणी, मुळ्याच्या पाल्याची भाजी, कलिंगडाच्या पांढऱ्या गराचे थालीपीठ, वरणात कोथिंबिरीच्या कोवळ्या काड्या: हे सर्व ताजे असतानाच वापरले जाते, म्हणून त्यात बचत आहे आणि धोका नाही. साली वापरताना भाजी आधी स्वच्छ धुवावी, एवढेच.

उरलेच तर

जागतिक आरोग्य संघटनेचा साधा नियम असा, की शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा अधिक काळ बाहेर ठेवू नये. उन्हाळ्यात पारा ३२ अंशांच्या वर असेल, तर एक तासच पुरे. म्हणून जेवण संपल्यावर वामकुक्षीपूर्वीच उरलेले अन्न आवरावे. खोल पातेल्यात ते सावकाश निवते. पसरट, उथळ डब्यात काढल्यास लवकर निवते. कोमट होताच झाकून फ्रिजमध्ये ठेवावे. फ्रिजचे तापमान ५ अंशांहून कमी असावे आणि हवा खेळेल इतकी मोकळी जागा आत असावी. शिजवलेले वरच्या फळीवर, कच्चे खालच्या फळीवर. वीज गेल्यास दार न उघडता सुमारे चार तास आतील थंडावा टिकतो.

डब्यावर कागदाची पट्टी चिकटवून मोठ्या अक्षरांत वार लिहावा. सांभाळ करणारी व्यक्ती दिवसपाळी-रात्रपाळीने बदलत असेल, तर ही पट्टी फार उपयोगी पडते. भात दुसऱ्या दिवशीच संपवावा. वरण-भाजीही वृद्धांसाठी एक-दोन दिवसांपलीकडे ठेवू नये. लागेल तेवढेच बाहेर काढून, मध्यापर्यंत वाफ येईल असे एकदाच गरम करावे. वेळेवर फ्रिजमध्ये गेलेल्या भाताचा फोडणीचा भात अवश्य करावा. पोळीचा कुस्करा, गूळ-तुपाचा लाडू, उरलेल्या वरणाची धपाटी हे आपले जुने मार्ग आजही उत्तमच आहेत.

काही बाबतींत मात्र हात आखडू नये. शेंगदाण्यांना बुरशी आली असेल, तर निवडून घेण्याचा मोह टाळून ते टाकूनच द्यावेत. त्यांतील बुरशीचे विष यकृताला घातक असते आणि भाजल्यानेही पूर्ण जात नाही. पावाचा बुरशीचा कोपरा तोडून उरलेला खाऊ नये. हिरवे पडलेले, कोंब फुटलेले बटाटे वापरू नयेत. वेष्टनावरील तारखांतही भेद आहे. अमुक तारखेपर्यंत 'उत्तम' असे म्हटले असेल, तर ती चवीची व प्रतीची मर्यादा असते. अमुक तारखेपर्यंतच 'वापरावे' असे असेल, तर ती सुरक्षिततेची मर्यादा असते आणि ती ओलांडू नये. अक्षरे बारीक असतात. घरी आणताच तारीख ठळक शाईने डब्यावर लिहून ठेवावी.

ताटात उरते तेव्हा

सांभाळ करणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. आजारी किंवा वृद्ध व्यक्तीच्या ताटात रोज अन्न उरत असेल, तर त्याला नासाडी म्हणून रागावू नये. ते लक्षण म्हणून वाचावे. कवळी सैल झाली आहे का? तोंड कोरडे पडते का? गिळताना ठसका लागतो का? बद्धकोष्ठता, नवीन औषध, मनाची उदासी, यांपैकी काही आहे का? सहा महिने ते वर्षभरात प्रयत्नाविना वजन पाच टक्क्यांहून अधिक घटले, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीचे ३ किलोहून अधिक, तर डॉक्टरांना दाखवावे.

वाढताना लहान ताटली घ्यावी, थोडे वाढावे आणि पुन्हा विचारावे. दोन भरगच्च जेवणांऐवजी चार-पाच वेळा थोडे थोडे द्यावे. दृष्टी अधू असेल, तर पांढऱ्या ताटातील पांढरा भात नीट दिसत नाही. रंगीत ताटलीने फरक पडतो. आणि "उरले आहे तेवढे संपवून टाका" असा आग्रह मधुमेही व्यक्तीला करू नये. वाटीतील उरलेली खीर संपवल्याने ती वाया जाण्यापासून वाचत नाही; तिची जागा फक्त बदलते.

शिळे खाल्ल्यानंतर उलट्या-जुलाब सुरू झाले, तर घोट घोट जलसंजीवनी द्यावी. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास ती किती द्यावी, हे डॉक्टरांना विचारावे. लघवी कमी होणे, ताप, शौचातून रक्त, भोवळ किंवा बोलण्यात असंबद्धता दिसल्यास घरी थांबू नये.

अधिकचे अन्न दुसऱ्याला द्यावयाचे, तर ते ताजे असतानाच द्यावे. जे आपण स्वतः खाणार नाही, ते घरकामाच्या बाईंच्या हाती ठेवणे हे दान नव्हे. आणि इतके करूनही काही टाकावे लागलेच, तर भाजीच्या साली-देठांसह ते कुंडीतील खतात जाऊ द्यावे. त्या मातीतून उगवलेली मेथी पुन्हा ताटात येते.

ज्या हातांनी आयुष्यभर सर्वांना ताजे वाढले, त्या हातांच्या धनिणीला आज एवढेच सांगावे: उद्या लहान वाटीने तांदूळ घ्या, आणि पहिला वाफाळता घास स्वतःच्या ताटात वाढून घ्या.