करंजी घाटातलं त्वरण

ताशी 80 किलोमीटरने सरळ रस्त्यावर एकसारखी धावणारी मोटार आणि पाथर्डी स्टँडवरून नुकतीच हललेली एसटी, यांत त्वरण कोणाचं जास्त? बहुतेक मुलं पटकन मोटारीचं नाव घेतात. पण मोटारीचा काटा 80 वरच आहे, वेग बदलत नाही, म्हणून तिचं त्वरण शून्य. एसटीने दहा सेकंदांत ताशी 36 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 10 मीटर वेग घेतला, तर तिचं त्वरण 1 मी/से². हाच वेग एखादी मोटरसायकल चार सेकंदांत गाठते, तिचं 2.5. वृद्धेश्वर कारखान्याकडे निघालेला, दोन ट्रॉल्या ऊस ओढणारा ट्रॅक्टर वीस सेकंदांत ताशी 18 वर आला, तर त्याचं जेमतेम पाव. इंजिनाच्या ओढीला वस्तुमानाने भागायचं असतं, आणि ट्रॅक्टरमागे उसाचं ओझं आहे.

तुलना करताना दोनच गोष्टी विचारायच्या: वेग किती बदलला आणि त्याला वेळ किती लागला. नववीच्या ‘गतीचे नियम’ या धड्यात हे सूत्र आहेच. मुलं ते पाठ करतात आणि तरीही वेगालाच त्वरण समजतात, कारण सूत्राला रस्ता जोडून दिला जात नाही. पाथर्डीकरांच्या वाटेवर तर करंजी घाट आहे.

नगरहून येताना हा घाट उतरावा लागतो. एखाद्या टप्प्यावर वीस मीटरला एक मीटर उतार आहे असं धरू. गुरुत्वत्वरण 9.8, त्याचा विसावा भाग 0.49. आकडा ट्रॅक्टरच्या त्वरणाच्या दुप्पट, बाकी क्षुल्लकच वाटतो. पण डिझेल वाचवायला कुणी न्यूट्रल करून गाडी सोडली, तर हवेचा आणि चाकांचा विरोध बाजूला ठेवल्यास वीस सेकंदांत ताशी 36 चा वेग 71 होतो. पायाखाली ब्रेक असतो, पण तो तापत जातो. गॅलिलिओनेही त्वरण समजून घेतलं ते उतारावरूनच. सरळ खाली पडणारी वस्तू मोजायला फार वेगवान, म्हणून त्याने तिरप्या फळीवरून गोळा सोडला आणि पाण्याच्या घड्याळाने वेळ मोजली. 1638 साली छापलेल्या ग्रंथात तो प्रयोग त्याने मांडला.

खरी फसगत वळणावर होते. काटा 36 वरच असतो, तरी दिशा बदलते म्हणून त्वरण असतंच. वेगाचा वर्ग भागिले वळणाची त्रिज्या. 25 मीटर त्रिज्येच्या वळणावर ते 4 मी/से² येतं, स्टँडवरून सुटणाऱ्या एसटीच्या चौपट. त्याच वळणावर ताशी 54 ने गेलं तर 9. वेग दीडपट, त्वरण सव्वादोन पट! कोरड्या डांबरावर चांगले टायर साधारण 7 ते 8 पर्यंत पकड देतात. पावसात ही पकड बरीच घटते. उंच भरलेला ट्रक तर घसरण्याआधीच कलंडतो. वळणाआधीच्या पाटीवर वेगाची मर्यादा कमी का असते, त्याचं कारण या वर्गात आहे.

शिक्षकांना एक विनंती. पुढची सहल नगरच्या बाजूला गेली, तर मुलांना मोबाइलवर दर पाच सेकंदांनी वेग टिपायला लावा आणि परतल्यावर आलेख काढून घ्या. रेष जिथे जास्त उभी, तिथे त्वरण जास्त. वळणांचं त्वरण मात्र या आलेखात दिसणार नाही. ते वेगळं काढायला सांगा.