टायर फुटला म्हणून मित्र भेटला

2003 च्या ऑक्टोबर महिन्यात आम्ही चार तरुण सोलापूरहून नागपूरला सायकलने निघालो. 14 तारखेला दीक्षाभूमीवर पोचायचे, एवढाच संकल्प होता. मी तेव्हा कायद्याच्या पहिल्या वर्षाला होतो. चौघांपैकी दोघांचे वडील बंद पडलेल्या गिरणीचे कामगार, एकाची आई विड्या वळून घर चालवायची. सायकली घरच्याच, जुन्या. कॅरिअरला सोलापुरी चादर, पंप, पंक्चरचे सामान आणि घरून बांधून दिलेली कडक भाकरी व शेंगाची चटणी.

रस्ता तुळजापूर, औसा, लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड, उमरखेड, आर्णी, यवतमाळ, वर्धा असा. सुमारे सहाशे किलोमीटर. निघण्यापूर्वी आम्ही एक यादी केली होती. कोणत्या गावात आपली वस्ती आहे, कुठे बुद्धविहार आहे, तेथला कार्यकर्ता कोण. त्याप्रमाणे मुक्काम ठरवले. तुळजापूरचा घाट सायकल हातात धरून चढलो आणि पुढे सगळे यादीप्रमाणे झाले. वस्तीत शिरून ‘जय भीम’ म्हटले की दार उघडे. वंदना, जेवण, चळवळीच्या गप्पा आणि विहारात झोप. ज्यांच्या घरात उद्याचे पीठ नव्हते त्यांनीही आम्हाला उपाशी जाऊ दिले नाही. हे प्रेम विसरणे शक्य नाही. पण खरे सांगायचे तर ते नवे मित्र नव्हते. ते आपलेच घर होते, फक्त गाव वेगळे. आम्ही एका वस्तीतून निघत होतो आणि दुसऱ्या वस्तीत उतरत होतो. मधला महाराष्ट्र नुसता पायाखालून जात होता.

चौथ्या दिवशी नांदेड मागे पडल्यावर भर उन्हात माझ्या सायकलचा मागचा टायर फुटला. पंक्चर असते तर काढले असते, टायरच फाटला होता. यादीतले गाव बारा-तेरा किलोमीटर लांब. पाणी संपलेले. रस्त्याकडेच्या शेतात सोयाबीनची काढणी चालली होती. आमच्याच वयाचा एक तरुण आला, आम्हाला घरी घेऊन गेला. तांब्याभर पाणी दिले. जुन्या टायरचा तुकडा आतून लावून तात्पुरते कसे चालवायचे ते त्यानेच दाखवले. कुठून आलात, किती दिवस झाले, पाय दुखत नाहीत का, अशी त्याची चौकशी चालली होती. चार माणसे सायकलवर नागपूरला जातात याचे त्याला फार अप्रूप. अर्ध्या तासात जुनी ओळख असल्यासारखे बोलू लागलो.

एवढ्यात ओट्यावरून त्याच्या वडिलांनी विचारले, “आडनाव काय?” सांगितले. “नागपूरला कशाला?” दीक्षाभूमीला, असे सांगितले. म्हातारा काही बोलला नाही. शिवी दिली नाही, हाकलले नाही. त्याने मुलाला आत बोलावले. मुलगा गेला तो परत आला नाही. तांब्या आमच्यासमोर तसाच पडून होता. तो कोणी उचलत नव्हते.

आम्ही निघालो. चौघेही गप्प. नऊ वर्षांचे बाबासाहेब मसूर स्टेशनवर उतरून वडिलांकडे गोरेगावला निघाले होते, ती 1901 सालची हकिगत आम्ही वाचलेली होती. बैलगाडीचा प्रवास, सोबत जेवणाचे डबे, आणि पाणी कोणी देत नाही म्हणून उपाशी झोपलेली मुले. आम्हाला तर पाणी मिळाले होते. शंभर वर्षांत एवढा फरक पडला होता, की पाणी आधी आणि प्रश्न नंतर.

दोन-तीन किलोमीटर गेलो असू. मागून सायकलची घंटी वाजली. तोच तरुण, घामाने निथळत, हँडलला फडक्यात बांधलेल्या भाकरी. म्हणाला, “म्हातारा जुन्या वळणाचा आहे. तुम्ही मनावर घेऊ नका.” बाभळीखाली बसून पाचही जण जेवलो. आमच्या चटणीने त्याच्या डोळ्यांत पाणी आले, तेव्हा सगळे हसलो. यादीतल्या गावापर्यंत तो आमच्याबरोबर आला आणि वहीत पत्ता लिहून देऊन अंधार पडायच्या आत परत फिरला. त्या सबंध प्रवासात मिळालेला नवा मित्र म्हणायचा तर हा एकच. तोही टायर फुटला म्हणून!

वाचक म्हणतील, भाकरी दिली म्हणून एवढे कौतुक कशाला? कौतुक भाकरीचे नाही. आडनाव कळल्यावर तो मागून आला, त्याचे आहे. आडनाव कळण्यापूर्वीची मैत्री ही आपल्या देशात मैत्री नसते, ती फक्त अनभिज्ञता असते.

ओरिसाच्या दलित कुटुंबात जन्मलेला चित्रकार प्रद्युम्नकुमार महानंदिया 1977 साली दिल्लीहून सायकलवर निघाला, तो अफगाणिस्तान, इराण, तुर्कस्तान मागे टाकत युरोपात आणि शेवटी स्वीडनला आपल्या पत्नीकडे पोचला. वाटेत लोकांची चित्रे काढून द्यायची आणि त्यांच्याकडे जेवायचे, असा त्याचा प्रवास. परक्या देशांतल्या ज्या घरांनी त्याला जेवू घातले, त्यांना त्याचा धर्म, भाषा, काहीच आपले नव्हते. पण त्याची जात त्यांना ठाऊक नव्हती आणि ठाऊक करून घेण्याची गरजही नव्हती. आपल्याकडे मात्र पाच किलोमीटरवरचा माणूस परदेशातल्या माणसापेक्षा लांब असतो.

मी आज वकिली करतो. संविधानाच्या कलम 19 ने देशभर मुक्त संचाराचा हक्क दिला, कलम 15 ने विहिरी, रस्ते, उपाहारगृहे खुली केली, कलम 17 ने अस्पृश्यता नष्ट केली. 1955 आणि 1989 चे कायदे आले. या कलमांशिवाय आम्ही त्या ओट्यापर्यंत पोचलोच नसतो. पण ओट्यावरच्या म्हाताऱ्यावर कोणते कलम लावणार? त्याने गुन्हा केला नव्हता, नुसते तोंड फिरवले होते. कायदा रस्ता मोकळा करू शकतो, मित्र देऊ शकत नाही. म्हणून तर बाबासाहेबांनी स्वातंत्र्य आणि समता यांच्याशेजारी बंधुता ठेवली आणि तिच्याशिवाय पहिल्या दोन्ही वरवरच्या राहतील, असे संविधान सभेत बजावले.

कांशीराम साहेबांना हे पक्के ठाऊक होते. त्यांची स्वतःची घडण पुण्यातल्या मैत्रीतून झाली. ते पंजाबचे, दीनाभाना राजस्थानचे, डी. के. खापर्डे आपल्या विदर्भातले. तिघे तीन जातींचे. आंबेडकर जयंतीच्या सुट्टीच्या प्रश्नावर एकत्र आले आणि त्यातून पुढे बामसेफ उभी राहिली. 15 मार्च 1983 रोजी साहेब शंभरएक सायकलस्वार घेऊन दिल्लीहून निघाले आणि सात राज्ये फिरले. मोटारी नव्हत्या म्हणून सायकल, हे खरेच. पण सायकलवाला गावातून सुसाट निघून जाऊ शकत नाही. त्याला पाणी मागावे लागते, हवा भरावी लागते, सावलीला थांबावे लागते. थांबला की बोलावे लागते. डीएस-फोरच्या नावातच केवळ दलित नव्हे तर ‘शोषित समाज’ होता. तो भेटायचा तर वस्तीबाहेर उतरणे भाग होते. बाबा आमटे यांनीही 1985-86 साली भारत जोडो अभियानात 116 युवक-युवतींना कन्याकुमारीहून काश्मीरकडे नेले ते सायकलवरच.

आज परिस्थिती काय आहे? आपल्या रॅली निघतात, आता मोटारसायकलींच्या. निळे झेंडे, घोषणा, आपल्याच वस्तीत स्वागत, आपल्याच वस्तीत भोजन. रस्त्यावरच्या मातंग वाड्यात, लमाण तांड्यावर, मुस्लिम मोहल्ल्यात, कुणब्याच्या मळ्यात आपण उतरतो का? त्यांनी आपल्याला विचारले नाही ही तक्रार खरी आहे. पण आपणही त्यांचे पाणी मागितले नाही, हेही तितकेच खरे आहे. नकार मिळेल ही भीती पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, मला ती कळते. त्या दिवशी टायर शाबूत असता तर मीही थांबलो नसतो.

त्या मित्राशी आधी पोस्टकार्डे, मग फोन असे चालू राहिले. तो माझ्या लग्नाला सोलापुरात आला, बुद्धवंदनेला हात जोडून उभा राहिला, पंगतीत बसून जेवला. मी मात्र त्याच्या घरी पहिल्यांदा जेवलो तो त्याचे वडील गेल्यानंतर. म्हातारा असताना त्याने कधी बोलावले नाही, मीही कधी विचारले नाही. ही आमच्या मैत्रीतली उणीव आहे आणि आम्हा दोघांनाही ती माहीत आहे. पण आता त्याची मुले मला काका म्हणतात आणि माझे आडनाव त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

दीक्षाभूमीला, चैत्यभूमीला जाणाऱ्या तरुणांना म्हणून एकच विनंती. मुक्कामाची यादी जरूर करा, पण त्यात एक दिवस रिकामा ठेवा. त्या दिवशी अनोळखी दारात थांबा. पूर्ण नाव सांगा, मग पाणी मागा. पाणी मिळाले तर त्या माणसाला आपल्या घरी यायचे निमंत्रण द्या. नाही मिळाले तर पुढचे दार आहेच. टायर फुटण्याची वाट बघू नका.

जय भीम!