मोटारीखालची ढाल

सांताक्रूझच्या स्वामी विवेकानंद मार्गालगत एखाद्या गॅरेजात उंच उचललेली मोटार दिसली, तर तिच्या पोटाकडे अवश्य पाहावे. इंजिनापासून मागच्या टोकापर्यंत एक नळी गेलेली असते. जळलेल्या इंधनाचा तप्त धूर तीतून बाहेर पडतो. वाटेत विषारी वायू पुष्कळसे निरुपद्रवी करणारे एक पात्र असते. मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना ते १९९५ पासून सक्तीचे झाले. हे पात्र शेकडो अंश तापते, आणि त्याच्या थोडेच वर माणसे बसलेली असतात!

म्हणून मध्ये पातळ पत्र्याची ढाल बसवतात. एवढासा पत्रा काय करणार? पेटलेल्या चुलीसमोर बसून मध्ये चकचकीत थाळी धरा. तोंडाला लागणारी धग तत्काळ कमी होते. चकाकी उष्णता परतवते आणि पत्र्यामागील हवेची पोकळी उरलेली अडवते. यास्तव पत्रा तळाला चिकटवीत नाहीत, अंतर सोडून बसवतात.

मोटार निवल्यावर कारागीर प्रथम पत्रा लावतो, मग नळी. कारण नळी चढल्यावर पत्र्याच्या बोल्टांपर्यंत हात पोहोचणे कठीण. नळी रबरी कड्यांवर टांगतात, म्हणजे इंजिनाची थरथर गाडीला जाणवत नाही. शेवटी इंजिन चालू करून तो सांध्यांशी कान देतो. फुसफुस ऐकू आली, की सांधा पुन्हा उघडतो. त्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरला, तर वासानेही कळत नाही.

पावसाळ्यातील पाण्याने बोल्ट गंजतात व पत्रा खडखडू लागतो. काही जण कंटाळून तो काढूनच टाकतात. खडखड थांबते; धग मात्र थेट तळाला लागते.