रॉड टाकला, म्हणजे हाड जुळले का?

मोटारसायकल घसरून मांडीचे हाड मोडलेल्या तरुणाला शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे केले जाते, तेव्हा भेटीस आलेल्या नातेवाइकांत दोन तट पडतात. ‘इतक्यात कशाला चालवता, हाड हलेल ना!’ ही एक काळजी. तर ‘आत रॉड आहे, आता कसली भीती?’ हा दुसरा निर्धास्तपणा. दोन्ही समजुतींमागे एकच गैरसमज आहे. रॉड, प्लेट वा स्क्रू हाड जोडत नाहीत. हाड जोडते ते शरीर. धातू हे काम पूर्ण होईपर्यंत तुकडे जागेवर धरून ठेवतो, एवढेच.

हाड मोडताच आतील रक्तवाहिन्या फाटतात आणि मोडलेल्या जागी रक्ताची गाठ तयार होते. मांडीच्या हाडाच्या बाबतीत बाहेर थेंबही न सांडता एक ते दीड लिटर रक्त मांडीतच साचू शकते. पुढील दुरुस्ती या गाठीतूनच सुरू होते. साधारण दोन-तीन आठवड्यांत तेथे तंतू व कूर्चेचा मऊ सांधा बनतो. त्यात कॅल्शियमचे क्षार साचत गेले की तो कठीण होतो आणि एक्स-रेमध्ये ढगासारखा दिसू लागतो. डॉक्टरांच्या बोलीत ‘हाड धरले’ म्हणतात ते हेच. मनगटाचे हाड सहा आठवड्यांच्या सुमारास धरते. मांडीच्या हाडाला बहुधा तीन ते सहा महिने लागतात. मग हा ओबडधोबड सांधा घासूनपुसून मूळ आकारास आणण्याचे काम शरीर वर्ष-दोन वर्षे करीत राहते. त्वचा आपली जखम व्रण ठेवून भरते, हाड मात्र पुन्हा हाडच निर्माण करते. शरीरात असे कसब फार थोड्या अवयवांना साधले आहे.

मग शस्त्रक्रिया हवीच कशाला? पूर्वी ती होतही नसे. मांडी मोडलेल्या रुग्णाच्या पायाला वजन टांगून त्याला दोन-तीन महिने खाटेवर निजवून ठेवत. हाड अनेकदा जुळायचे, पण तोवर गुडघा आखडायचा, स्नायू वाळायचे, पाठीला शय्याव्रण पडायचे. वृद्धांना न्यूमोनिया गाठायचा किंवा पायाच्या शिरेत झालेली रक्ताची गुठळी फुप्फुसात जाऊन जीव घ्यायची. हाड वाचले आणि माणूस गेला, असा हा प्रकार होता.

या स्थितीला धक्का दिला तो जर्मनीतील कील येथील शल्यविशारद गेरहार्ड कुंट्शर यांनी. हाडाच्या मधल्या पोकळीत लांब पोलादी सळई घालण्याची शस्त्रक्रिया त्यांनी १९३९ मध्ये केली आणि १९४० मध्ये ती बर्लिनच्या शल्यविशारदांपुढे मांडली. सळई खुब्याकडच्या टोकातून आत जात असल्याने मोडलेली जागा उघडावी लागत नाही आणि तेथील मोलाची रक्ताची गाठ शाबूत राहते, ही त्यातली खरी खुबी. युद्धामुळे बाहेरच्या जगाला त्याचा पत्ता नव्हता. जर्मनांच्या कैदेतून सुटून आलेल्या सैनिकांच्या मांडीत सळया आढळल्या तेव्हा अमेरिकी डॉक्टर चकित झाले. ‘टाइम’ साप्ताहिकाने १९४५ मध्ये त्याची दखल घेतली. पुढे सळईच्या दोन्ही टोकांना आडवे स्क्रू घालण्याची सोय झाली, त्यामुळे चुरा झालेले हाडही आखूड न होता वा न पिळवटता उभे राहू लागले. आज ‘रॉड टाकला’ म्हणतात तो हाच.

प्लेटचा इतिहास वेगळा. हॅम्बर्गच्या कार्ल हान्समान यांनी १८८६ मध्येच प्लेट-स्क्रूचा वापर प्रसिद्ध केला होता. परंतु जंतुसंसर्ग आणि गंजणारा धातू यांनी त्या काळात पुष्कळ घात केला. १९५८ मध्ये स्वित्झर्लंडमधील मॉरिस म्युलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ए ओ’ हा गट स्थापून या कामाला शिस्त लावली. तुकडे नेमके बसवा, घट्ट धरा, रक्तपुरवठा जपा आणि अवयव लवकर हलवा, ही त्यांची सूत्रे. चौथे सूत्र सर्वांत महत्त्वाचे, आणि घरी गेल्यावर सर्वांत आधी विसरले जाणारेही तेच.

लांब हाडाच्या मध्यभागी मोड असेल तर सहसा रॉड, सांध्यात शिरलेला मोड असेल तर प्लेट-स्क्रू, अशी ढोबळ विभागणी असते. सांध्याचा पृष्ठभाग मिलिमीटरच्या हिशेबाने सपाट बसवावा लागतो, नाहीतर पुढे तो झिजतो. हाड त्वचा फाडून बाहेर आले असेल तर धातूच्या चर्चेआधी जखम धुणे आणि तातडीने प्रतिजैविके देणे महत्त्वाचे ठरते. अशा रुग्णाला आधी हाडवैद्याकडे नेण्यात गेलेला वेळ महागात पडतो. बंद मोडावर कामट्यांची घट्ट पट्टी बांधून रक्तप्रवाह थांबल्याने हात वा पाय गमवावा लागल्याची उदाहरणेही अस्थिरोगतज्ज्ञांना अपरिचित नाहीत.

शस्त्रक्रियेनंतरचा काळ ही एक शर्यत असते. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसाच धातूही थकतो. हाड वेळेत धरले तर भार हाडावर येतो आणि धातू निवृत्त होतो. हाड धरलेच नाही, तर कितीही महाग प्लेट आज ना उद्या तुटते. म्हणून ‘प्लेट निकृष्ट होती’ या तक्रारीमागे पुष्कळदा न जुळलेले हाड असते. किती वजन कधी टाकायचे हे त्यावरच ठरते. साध्या मोडात घट्ट बसलेल्या रॉडवर लवकर चालता येते. सांध्याजवळच्या प्लेटवर मात्र सहा ते बारा आठवडे पाय टेकवू देत नाहीत. शेजारच्या रुग्णाचे वेळापत्रक आपल्याला लागू पडत नाही. गुडघा वाकवणे आणि मांडीचे स्नायू आवळणे हे व्यायाम मात्र दोघांनाही पहिल्या काही दिवसांतच सुरू करावे लागतात. खुब्याजवळ हाड मोडलेल्या वृद्धांबाबत तर शक्यतो दोन दिवसांच्या आत शस्त्रक्रिया आणि दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसवणे, हाच जीव वाचवण्याचा मार्ग आहे. ‘आजींना आराम करू द्या’ हे प्रेमाचे बोल येथे घातक ठरतात.

आहारात दूध, डाळी, अंडी हवीत; पायाचे सूप प्यायला हरकत नाही, पण त्याने हाड चिकटते हा भाबडेपणा. खरा शत्रू तंबाखू. निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि हाड जुळणे लांबते. ‘मी तंबाखू खात नाही’ असे सांगणारी महिला सकाळ-संध्याकाळ मिश्री लावत असते, आणि हे विचारल्याशिवाय बाहेर येत नाही. मधुमेह ताब्यात नसेल तर जखमेत पू होण्याचा धोकाही वाढतो.

जखमेतून स्राव, ताप वा वाढती लाली दिसली तर वाट पाहू नये. पोटरी एकाएकी सुजणे, दम लागणे ही गुठळीची लक्षणे असू शकतात. नडगी मोडल्यावर औषधाला न जुमानणारी, बोटे ताणताच असह्य होणारी कळ ही काही तासांत पाय निकामी करू शकते; प्लास्टर असो वा शस्त्रक्रिया, रात्रीच रुग्णालय गाठावे.

रॉड काढायचा का, हा प्रश्न शेवटी प्रत्येक जण विचारतो. मुलांमध्ये बहुधा काढतात. प्रौढांत त्रास नसेल तर तो आयुष्यभर राहू शकतो. काढायचाच असल्यास मांडीच्या हाडाबाबत साधारण दीड-दोन वर्षे थांबतात, आणि काढल्यानंतर स्क्रूची छिद्रे भरेपर्यंत काही आठवडे उड्या-धावणे बंद ठेवतात. प्रत्येक कंपनीच्या स्क्रूचे डोके निराळे असते व त्याला लागणारी अवजारेही निराळी. त्यामुळे घरी जाताना मिळालेला, धातूच्या भागांचे स्टिकर लावलेला शस्त्रक्रियेचा कागद एक्स-रेबरोबर जपून ठेवावा. दहा वर्षांनी दुसऱ्या शहरातील डॉक्टर आधी तोच मागतील.