वसईचा गोन्सालो आणि त्याची आई

बोरिवलीहून विरार लोकल सुटली की दहिसर, मीरा रोड, भाईंदर आणि मग खाडीचा पूल. पलीकडे नायगाव, वसई. वसई म्हटलं की आपल्याला चिमाजीअप्पा आणि १७३९ सालची लढाई आठवते. पण भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत याच वसईचा, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक असतं? त्याचं नाव गोन्सालो गार्सिया.

जन्म साधारण १५५६ चा. वडील पोर्तुगीज, आई मात्र इथलीच, वसईची. किल्ल्यातल्या जेझुइट पाद्र्यांकडे तो शिकला आणि पंधराव्या-सोळाव्या वर्षी त्यांच्याबरोबर थेट जपानला गेला. तिथली भाषा त्याने इतकी आत्मसात केली की लोक कौतुक करीत. आठ वर्षं धर्मशिक्षक म्हणून राबला, पण जेझुइट संघात त्याला प्रवेश काही मिळाला नाही. दुसरा कोणी कडवट झाला असता. याने व्यापार केला, चांगला जम बसवला आणि मग तोही सोडून फिलिपिन्समधल्या मनिला शहरात फ्रान्सिस्कन मठात ब्रदर झाला. ब्रदर म्हणजे फादर नव्हे. व्रत घ्यायचं, पण मिस्सा सांगायचा अधिकार नाही. पडेल ते काम करायचं.

या फ्रान्सिस्कनांची खूण आपल्या बोरिवलीतही आहे. मंडपेश्वरच्या शैव लेण्यांवर त्यांच्या जुन्या मठाचे अवशेष अजून उभे आहेत.

१५९३ मध्ये फादर पीटर बाप्टिस्ट यांचा दुभाषी म्हणून गोन्सालो जपानला परतला. क्योतोमध्ये या मंडळींनी महारोग्यांसाठी रुग्णालय काढलं. पण १५९६ मध्ये एक स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटलं आणि सत्ताधीश हिदेयोशीच्या मनात संशय शिरला, की आधी पाद्री येतात, मागून सैन्य येतं. धरपकड झाली. क्योतोत कैद्यांच्या डाव्या कानाचे लचके तोडले, भर थंडीत नागासाकीपर्यंत चालवत नेलं. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी २६ जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारलं. गोन्सालो तेव्हा चाळिशीचा होता. सर्वांत लहान लुईस अवघा १२ वर्षांचा. १४ वर्षांच्या थॉमस कोझाकीने तर वाटेतून आईला निरोपाचं पत्र लिहिलं होतं. बाप बरोबरच मरायला निघालेला, आई मागे राहिलेली.

१८६२ साली पोप नववे पायस यांनी या सर्वांना संतपद दिलं. भारतातून पुढचं संतपद मिळायला २००८ उजाडलं. ते मिळालं एका स्त्रीला, केरळच्या सिस्टर अल्फोन्सांना.

नागासाकीच्या टेकडीवर १९६२ साली या २६ जणांचं स्मारक झालं. वसईत गोन्सालोच्या नावाचं कॉलेज आहे, गासला चर्च आहे. पण त्याच्या आईचं नाव प्रचलित चरित्रांत सापडत नाही. ज्ञानेश्वरांची आई रुक्मिणी, तुकोबांची कनकाई, हे आपल्याला माहीत असतं. ही मात्र ‘वसईची एक बाई’ एवढीच उरली. मिसरूडही न फुटलेला मुलगा समुद्रापार पाठवून ती मागे राहिली. त्याने परक्या देशाची भाषा सहज उचलली, कारण घरात बहुधा दोन भाषा ऐकतच तो वाढला असावा. त्यातली एक नक्कीच तिची.

वसईच्या किल्ल्यात कधी गेलात तर चिमाजीअप्पांना नमस्कार कराच. जमलं तर या निनावी आईचीही आठवण काढा.