नातीचे शिक्षण आणि आजोबांची शुश्रूषा

आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत सुमारे 300 कोटी अक्षरांचा एक ग्रंथ असतो. त्यास जनुकसंच म्हणतात. तो वाचण्याचा जागतिक प्रकल्प 1990 मध्ये सुरू होऊन 2003 मध्ये पूर्ण झाला. मात्र त्यानंतरच्या बहुतेक अभ्यासांत युरोपीय वंशाच्या लोकांचीच माहिती अधिक होती.

याचा आपल्या उतारवयाशी काय संबंध? हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतील डॉ. कुमारसामी थंगराज व सहकाऱ्यांनी 2009 मध्ये एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. हृदयाच्या स्नायूंतील एका प्रथिनाच्या जनुकात 25 अक्षरे गळालेली असण्याचे प्रमाण दक्षिण आशियात सुमारे 4 टक्के आहे आणि अशा व्यक्तींना वाढत्या वयात हृदय दुर्बल होण्याचा धोका अधिक असतो. आपली माणसे तपासली नसती, तर हे कळलेच नसते. स्टेंटनंतर दिली जाणारी क्लोपिडोग्रेलची गोळीही जनुकीय भेदांमुळे काहींना कमी लागू पडते. (म्हणून ती स्वतःच्या मनाने कोणीही बंद करू नये.) जानेवारी 2025 मध्ये 10 हजार भारतीयांच्या जनुकसंचांची माहिती संशोधकांसाठी खुली झाली आहे. ती वाचणार कोण, हा आता खरा प्रश्न आहे.

सिकलसेल हा आजार आदिवासी समाजात अधिक आढळतो. त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान 1 जुलै 2023 रोजी सुरू झाले. रुग्णाच्याच बोलीत आजाराची आनुवंशिकता समजावून सांगणारा संशोधक त्याच समाजातून आला, तर विश्वास लवकर बसतो. परंतु खेड्यांतील, वंचित समाजांतील मुले आणि विशेषतः मुली या विद्येपर्यंत क्वचितच पोहोचतात.

गुणवत्ता असूनही दार बंद असते, हे नवे नाही. 1933 मध्ये कमला सोहोनी यांना केवळ स्त्री म्हणून बंगळूरच्या विज्ञान संस्थेत प्रथम प्रवेश नाकारला गेला; त्यांनीच 1939 मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. आपल्याच जिल्ह्यातील आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 मध्ये बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. वेळेवर मिळालेला आधार काय घडवतो, याचा याहून मोठा दाखला कोणता?

एक दार मात्र आपल्याच घरात असते. माझ्या दवाखान्यात आजोबांना घेऊन येते, गोळ्यांचा हिशेब ठेवते, ती बहुधा बी.एस्सी.ला असलेली नात. देशातील तीन विज्ञान अकादमींच्या उन्हाळी छात्रवृत्तीत पदवीच्या विद्यार्थ्यांना दोन महिने नामांकित प्रयोगशाळेत काम करता येते. ‘मग आजोबांकडे कोण पाहणार?’ या एका वाक्याने ही संधी हुकते.

यावर उपाय आहेत. आठवड्याच्या गोळ्या सात खणांच्या डबीत भराव्यात. औषधांचा तक्ता मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावावा. रक्तदाब व साखरेच्या तपासणीचे वार ठरवून ते काम नातवाकडे, मुलाकडे, शेजाऱ्यांकडे वाटून द्यावे. शिष्यवृत्तीसाठी उत्पन्न व जातीचे दाखले वेळेआधी काढून ठेवावेत आणि महाडीबीटी संकेतस्थळावरील मुदत पाहावी. एम.एस्सी. जैवतंत्रज्ञानासाठी जीएटी-बी या प्रवेशपरीक्षेची चौकशी महाविद्यालयात करावी.

आणि ज्येष्ठांनो, ‘तू जा, माझे मी पाहीन’ हे आपणच म्हणावे. आपल्या तोंडून आलेला हा शब्द नातीच्या मनावरचे निम्मे ओझे उतरवतो.