ड्रम शिकताना (लेखांक ७) : किकचा पाय

मागच्या लेखांकात हाय-हॅट आणि स्नेअरवर हात बसवले. आता खाली, पायाकडे बघू. पालघर-बोईसर पट्ट्यात ड्रमसेटकडे वळणारी बरीच मुलं बेंजोतून किंवा ढोल-ताशातून आलेली असतात. मनगट मोकळं असतं, लय अंगात मुरलेली असते. उजवा पाय मात्र कोरा असतो, कारण तिथे पायाला वाजवायचं काहीच नव्हतं. मग गाण्याची लय जरा चढली की हात पुढे आणि किक मागे. ती गाठण्यासाठी मुलं जोर लावतात आणि नेमकं तिथेच बिघडतं. किकचा वेग पेडल दाबण्यात नसतो, ते वेळेवर सोडण्यात असतो.

पेडलचा इतिहासही हेच सांगतो. शिकागोचा विल्यम लुडविग स्वतः थिएटरात ड्रम वाजवायचा. रॅगटाइमच्या चालीला त्या वेळची पेडलं पुरी पडेनात, म्हणून त्याने स्वतःच चपळ पेडल बनवलं आणि १९०९ मध्ये भाऊ थिओबाल्डसोबत धंदा सुरू केला. आजच्या पेडलमध्ये फूटबोर्ड दाबला की बीटर पुढे जातो आणि सोडला की स्प्रिंग त्याला मागे ओढते. परतीचं काम स्प्रिंगचं आहे, ते पायाने तिला करू द्यावं. ठोका देऊन बीटर कातड्यावर तसाच दाबून धरला की आवाज बसका होतो आणि पुढचा ठोका उशिरा निघतो. मुद्दाम तसा आवाज हवा असेल तर गोष्ट वेगळी, पण सवयीने तसं होऊ देऊ नका.

वाजवण्याआधी एक तपासणी करा. पायाने न दाबता बीटर हाताने मागे ओढा आणि सोडा. तो लंबकासारखा काही वेळ सहज झुलला पाहिजे. दोन हेलकाव्यांत थांबत असेल तर चेन किंवा सांधा अडतो आहे. आपल्याकडे, विशेषतः तारापूर-चिंचणीच्या बाजूला, खारी हवा स्प्रिंग आणि चेनला लवकर गंज आणते. पावसाळ्यात तर बघायलाच नको. महिन्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा थेंब सोडला तर पेडल वर्षानुवर्षं साथ देतं. नवशिके स्प्रिंग फार घट्ट करतात आणि नडगी भरून आली की स्वतःला दोष देतात. आधी ती सैल करून बघा.

स्टूलची उंची तितकीच महत्त्वाची. मांडी गुडघ्याकडे किंचित उतरती हवी. गुडघा पोटाकडे चढला तर प्रत्येक ठोक्याला अख्खा पाय उचलावा लागतो आणि कंबर दुखते.

टाच टेकवून वाजवायचं की उचलून, यावर वाद घालणारे खूप आहेत. माझं मत स्पष्ट आहे : पहिले काही महिने टाच टेकवूनच. असं वाजवताना काम घोट्याचं असतं आणि चवडा वर उचलणारा नडगीलगतचा स्नायू तयार होतो. बहुतेकांचा तोच कच्चा असतो. टाच उचलली की पायाचं वजन मिळतं, आवाज मोठा येतो, पण कच्च्या घोट्याचा दोष त्या आवाजात झाकला जातो. हा स्नायू तयार करायला पेडलही लागत नाही. पालघरला लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर उमरोळी येईपर्यंत टाच जमिनीवर ठेवून चवडा संथ वर-खाली करा, आणि उमरोळी ते बोईसर डाव्या पायाने. स्नायू थकला तर चालेल, दुखायला लागला की थांबा.

आता मेट्रोनोम. ६० वर लावा, म्हणजे सेकंदाला एक टिक. एका टिकला दोन किक, सलग दोन मिनिटं. फक्त वेळ पाळून भागत नाही, दोन्ही ठोक्यांचा आवाजही सारखा यायला हवा. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका, वाजवताना न कळलेलं सगळं तिथे ऐकू येतं. दोन मिनिटं खांदे आणि जबडा न आवळता गेली तर ६४ करा. आवळले गेले तर परत ६०.

ताबा कमवायला मला सगळ्यात जास्त आवडतो तो आपला केरवा. भजनात आणि सिनेगीतांत तो इतका ऐकलेला असतो की मोजावा लागत नाही. धा गे ना ती, न क धि न. यात तबल्याच्या डग्ग्याची घुमणारी अक्षरं तीन : पहिल्या मात्रेचा धा, दुसरीचा गे आणि सातवीचा धि. त्या तीन जागी किक द्या. आठही मात्रांना हाय-हॅट, पाचवीला स्नेअर. आधी तोंडाने बोला, मग फक्त पाय, मग हात. पहिली अडचण धा-गे या जोडीत येईल. दोन ठोके पाठोपाठ असल्यामुळे दुसरा दुबळा पडतो. दुसरी अडचण तिसऱ्या ते सहाव्या मात्रेत, जिथे पायाने गप्प बसायचं असतं. हातांच्या ओढीने तो चुळबुळ करतो, मधेच एखादी आगाऊ किक टाकतो. त्या चार मात्रांत पाय पेडलवर सैल आणि स्थिर राहिला की ताबा येऊ लागला असं समजा.

जोडी जलद करायची तर पहिला ठोका चवड्याने द्या आणि पाय फूटबोर्डवर थोडा पुढे सरकवत दुसरा. लेड झेपलिनचा जॉन बॉनम १९६९ च्या ‘गुड टाइम्स बॅड टाइम्स’मध्ये एकाच पेडलवर अशा जोड्या इतक्या चपळ वाजवतो की दोन पेडलं असावीत असं वाटतं. ऐका जरूर, नक्कल मात्र आत्ताच नको.

शेवटी शेजाऱ्यांबद्दल. किकचा दणका हवेतून कमी आणि स्लॅबमधून जास्त जातो. खिडक्या बंद करून काही होत नाही. सेटखाली रबरी मॅट आणि तिच्याखाली जुनी गादी घाला, ड्रमच्या आत गोधडी कोंबा. बोईसरमध्ये एमआयडीसीच्या पाळ्या चालतात. दुपारी चार वाजता खालच्या घरात रात्रपाळी करून आलेलं माणूस झोपलेलं असू शकतं. सरावाची वेळ ठरवण्याआधी खाली जाऊन विचारून या.

या आठवड्यात मेट्रोनोम ८० च्या वर नेऊ नका. केरव्याची पाच आवर्तनं एकही आगाऊ किक न पडता वाजली, की पुढच्या लेखांकासाठी तुम्ही तयार आहात. तेव्हा डाव्या पायाला हाय-हॅटवर कामाला लावू.